कार्टच्या शर्यतीत पहिले पाऊल



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेल्यापासून आम्हांला बरीच थट्टा सोसावी लागली आहे. 'कार्ट' हा उच्चार आपल्या घराघरांत आधीपासूनच आहे, आणि तो कोणाला उद्देशून होतो हे येथे बसलेल्या माउल्यांना सांगायला नको. एका स्नेह्यांनी तर विचारले, "घरातले कार्टे पुरेसे नाही म्हणून आता चार चाकांचे आणता की काय?" ह्या दोन शब्दांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पण दुसरे पहिल्यात बसायला नेहमी उत्सुक असते एवढे मात्र खरे, आणि आजचे आमचे बोलणे बहुतांशी त्याच्याच आईबापांसाठी आहे.

सुट्टीच्या दिवसांत ट्रॅकच्या कठड्याशी उभे राहून नवख्या मुलांना चार गोष्टी सांगणे, हा गेली काही वर्षे आमचा छंद आहे. तेथे भेटणारे वडील बहुधा एकच वाक्य बोलतात. "साहेब, पोराला ह्याचा लई नाद लागलाय. काय करू, सांगा." बोलताना चेहऱ्यावर निम्मे कौतुक असते आणि निम्मी भीती. ह्या 'काय करू'मध्ये घरचा पैसा आहे, पोराचा जीव आहे, आणि त्याची दहावीही आहे. 'हा श्रीमंतांचा खेळ, तुम्ही ह्यात पडू नका' असे सांगून आम्हांला मोकळे होता आले असते. पण वेगाची ओढ उपदेशाने जात नाही. रात्री दहानंतर गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन उभे राहा, म्हणजे ती ओढ दुचाकीवर बसून, डोक्याला काही न बांधता, ट्रकांच्या मधून कशी धावते ते दिसेल. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे कायदा बदलला आणि २०२३ साली त्याच न्यायालयाने तो मान्य केला. मधल्या वर्षांत शर्यतीचा नाद कोणाच्या मनातून गेला होता काय? तेव्हा प्रश्न असा आहे की नाद लागलाच आहे तर आरंभ कोठून करावा, किती खर्चात करावा, आणि कोठे थांबावे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कार्टची शर्यत ही विद्या आहे आणि ती भाड्याच्या कार्टवर, ब्रेकपासून शिकायची असते. गाडी विकत घेणे ही फार पुढची गोष्ट, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती कधीच न केलेली बरी. आता हे का, ते पाहू.

हा खेळ जन्माला आला तोच मुळी टाकाऊतून. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, आर्ट इंगल्स नावाचे एक गृहस्थ कर्टिस क्राफ्ट ह्या कारखान्यात शर्यतीच्या मोटारी बनवण्याच्या कामावर होते. दिवसभर मोठ्या मोटारी बांधून झाल्यावर त्यांनी लू बोरेली ह्या मित्राच्या साहाय्याने नळ्यांची एक चौकट जोडली, हिरवळ कापायच्या यंत्राचे इंजिन तिच्यावर बसवले आणि चार लहान चाके लावली. पॅसाडेना येथे रोझ बोल नावाचे क्रीडांगण आहे. त्याच्या बाहेर मोटारी उभ्या करायच्या मोकळ्या पटांगणात ती गाडी ते फिरवू लागले. बघता बघता लोकांनी तशाच गाड्या बांधल्या, कारखाने निघाले. १९६२ साली आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेने ह्या खेळासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि १९६४ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती इटलीच्या ग्विदो साला ह्यांनी जिंकली.

आता ह्या गाडीकडे नीट पाहू, कारण तिची रचना कळली की निम्मे शिक्षण झाले. कार्टला स्प्रिंगा नाहीत, पाटे नाहीत, शॉकअब्सॉर्बर नाहीत. डिफरन्शियलही नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. आपल्या बैलगाडीचा कणा स्थिर असतो आणि चाके त्यावर मोकळी फिरतात. वळताना आतले चाक सावकाश फिरते, बाहेरचे भराभर, आणि गाडी सुखाने वळते. कार्टमध्ये मागचा कणा अखंड, आणि दोन्ही चाके त्याला घट्ट जखडलेली. एक फिरले की दुसरे तेवढेच फिरलेच पाहिजे. मागच्या दोन चाकांत सव्वा मीटरच्या आसपास अंतर धरा. काटकोनी वळण घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळपास दोन मीटर जास्त धावते. दोन्ही चाके सारखीच फिरणार आणि वाट मात्र सारखी नाही, म्हणजे कोणीतरी एकाने फरफटले पाहिजे. फरफट झाली की गाडी वळायचे नाकारते आणि नाक समोर करून सरळ जाऊ लागते.

ह्यावरचा उपाय मोठा सुंदर आहे. वळणात मागचे आतले चाक उचलायचे! अंगणातल्या उंचसखल फरशीवर खाट टाकली की तिचा एक पाय अधांतरी राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कार्ट वळणात तशी होते. पुढच्या चाकांचे खिळे जरा तिरपे बसवलेले असतात. त्यामुळे स्टिअरिंग फिरवले की पुढचे आतले चाक जमिनीकडे दाबले जाते आणि चौकटीचा तो कोपरा वर उचलला जातो. भार तिरपा सरकून मागच्या बाहेरच्या चाकावर जातो. चौकट पोलादी नळ्यांची असते. ती किंचित पिळते, आणि मागचे आतले चाक जमिनीवरून केसभर सुटते. तेवढा वेळ गाडी तीन चाकांवर चालते. वळण संपून स्टिअरिंग सरळ झाले की चाक पुन्हा टेकते. जी चौकट आपल्याला साधा सांगाडा वाटते तीच ह्या गाडीची स्प्रिंग आहे. आसन त्या चौकटीला बोल्टांनी आवळलेले असते आणि आसनात तुम्ही आवळलेले असता. म्हणजे साठ-सत्तर किलोंचा माणूस हा गाडीचा सर्वांत जड सुटा भाग झाला! सायकलवर वळताना आपण आत झुकतो, ती सवय येथे आड येते. आत झुकले की जे चाक उचलायचे त्याच्यावरच वजन पडते. म्हणून नवख्याला पहिली सूचना अशी, की पाठ आसनाला टेकवून ताठ बसा आणि वळणात अंग हलवू नका.

भाड्याची कार्ट आणि शर्यतीची कार्ट ह्यांत बैल आणि घोडा ह्यांच्याइतका फरक आहे. भाड्याच्या कार्टवर बहुधा २०० किंवा २७० घनसेंटिमीटरचे चार फटक्यांचे इंजिन असते. हीच जात शेतातल्या पाण्याच्या पंपावरही पाहायला मिळते. पाच-सहापासून आठ-नऊ अश्वशक्तीपर्यंत जोर, भोवती रबराचे जाड कठडे, आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेग. ऐकायला हे थोडे वाटते. पण बूड जमिनीपासून दोन-तीन बोटांवर असले की पन्नासाचा वेग शंभरासारखा भासतो. शर्यतीच्या कार्टचे इंजिन त्याहून लहान असते. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचे १२५ घनसेंटिमीटरचे दोन फटक्यांचे इंजिन आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे वापरात आले आहे. मोठ्यांच्या गटात ते मिनिटाला अकरा हजारांवर फेरे घेऊन तीस अश्वशक्तीच्या आसपास जोर देते. तुलनेसाठी सांगतो. आपल्या जुन्या मारुती ८०० चे इंजिन सदतीस अश्वशक्तीचे, पण त्याला साडेसहाशे किलोंची मोटार ओढावी लागे. येथे तीस अश्वशक्तीला चालकासकट १६० किलोंच्या आसपास ओझे ओढायचे आहे. अशा गाडीत नवख्याने पहिल्याच दिवशी बसणे म्हणजे पोहायला येत नसताना पुरात उडी टाकणे होय.

बसण्यापूर्वीच्या गोष्टी कंटाळवाण्या असतात, पण आम्ही त्या गाळणार नाही. २०१८ साली हरियाणात पिंजोर येथे आणि २०२० साली हैदराबादेत दोन तरुण स्त्रिया करमणुकीच्या कार्टवर बसल्या आणि प्राणाला मुकल्या. दोघींच्याही बाबतीत केस गाडीत अडकले. वेगाची हौस, शर्यतीची ईर्ष्या, ह्यांतले काही नव्हते. सुट्टीचा दिवस मजेत घालवायला गेलेल्या ह्या बायका होत्या. वर सांगितलेला अखंड कणा तुमच्या पाठीमागे वीतभर अंतरावर फिरत असतो. इंजिन आणि साखळी बाजूलाच. वेणी, ओढणी, पदर, मफलर, गळ्यातली दोरी, कशालाही तेथे जागा नाही. केस बांधून, जाळीदार टोपीत घालून, शर्टाच्या आत कोंबायचे, आणि मगच शिरस्त्राण. ते तोंड झाकणारे, हनुवटीखाली पट्टा आवळलेले असावे; पट्टा आवळल्यावर मागून ढकलून पाहा, निघून आले तर दुसरे मागा. घोटा झाकणारे बूट, पुऱ्या बाह्यांचे कपडे, हातमोजे. ज्या ट्रॅकवर कण्यावर आणि साखळीवर झाकण नाही, किंवा मोकळ्या केसांच्या मुलीला नोकर मुकाट्याने गाडीत बसवतो, तेथून पैसे परत न मागताही निघून यावे. मालकाचा राग आला तर येऊ द्या.

आता पहिली दहा मिनिटे. पायाशी दोनच खटके असतात. उजवा वेगाचा, डावा ब्रेकचा. क्लच नाही, गिअर नाही. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे, आणि पकड दुधाचा पेला धरावा इतपत. नवखा मनुष्य स्टिअरिंग असे आवळतो की पाच मिनिटांत कोपरापर्यंत हात भरून येतात, तळव्याला फोड येतात, आणि पुढची चाके जे सांगत असतात ते त्याला ऐकू येत नाही. पहिल्या दोन फेऱ्या टायर तापण्यासाठी सोडाव्यात. शर्यतीच्या टायरला नक्षी नसते, तो गुळगुळीत असतो, आणि रबर गरम झाल्याखेरीज जमीन धरत नाही. ह्या दोन फेऱ्यांत ट्रॅक पाहून घ्यावा, वळणे मोजावीत, कोठे खड्डा आहे, कोठे झेंडेवाला उभा आहे, तेही पाहावे.

मग ब्रेक. भाड्याच्या कार्टचा ब्रेक बहुधा फक्त मागच्या कण्यावर असतो. वळणात शिरल्यावर तो दाबला की मागची चाके अडतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून ब्रेक सरळ पट्ट्यावरच, गाडी सरळ असतानाच, एकदा ठामपणे दाबायचा आणि सोडून मग वळायचे. मुलांना वाटते की शर्यत वेगाच्या खटक्यावर जिंकतात. तो खटका कोणीही तळापर्यंत दाबतो. त्याला अक्कल लागत नाही. ब्रेक कोठे दाबला, किती दाबला आणि केव्हा सोडला, ह्यावरून आम्ही पाच मिनिटांत सांगू शकतो की हा पोरगा पुढे जाईल की नाही.

वळणाची वाटही सरळ डोक्याने कळणारी नाही. रस्त्यावर आपण डाव्या कडेने चालतो आणि त्याच कडेने वळतो. ट्रॅकवर सबंध रुंदी आपली. बाहेरच्या कडेने यायचे, आतल्या कडेला चाक टेकवायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जायचे. तसे केल्याने वळणाची वाट मोठ्या वर्तुळाची होते आणि वेग कमी टाकावा लागतो. नवखा अधीर असतो, म्हणून तो लवकर वळतो, आतल्या कडेला लवकर पोचतो, आणि बाहेर पडताना त्याला रस्ता पुरत नाही. त्याने वळण उशिरा घ्यावे. आतली कड वळणाचा मध्य ओलांडल्यावर गाठावी, म्हणजे पुढचा रस्ता मोकळा दिसतो आणि वेगाचा खटका लवकर दाबता येतो. ज्या वळणानंतर लांब सरळ पट्टा आहे ते वळण सर्वांत मोलाचे. दोनशे मीटरांचा पट्टा आहे असे धरा. सरासरी ताशी साठच्या वेगाने तो बारा सेकंदांत सरतो, सत्तावन्नच्या वेगाने बारा पूर्णांक सहा दशांश सेकंदांत. वळणातून तीन किलोमीटर कमी वेगाने निघालात तर दर फेरीला अर्ध्या सेकंदाहून अधिक कर्ज डोक्यावर बसते. दहा फेऱ्यांत सहा सेकंद झाले. शर्यतीत तेवढ्या वेळात पाच-सहा गाड्या पुढे निघून गेलेल्या असतात.

येथे एक गैरसमज मोडणे जरूर आहे. मागची चाके घसरवत, धूळ उडवत कोणी वळण घेतले की कठड्यावरची मंडळी टाळ्या वाजवतात. सिनेमात तसेच दाखवतात. पण घसरणारा टायर हा अर्धा ब्रेकच आहे, आणि लहान इंजिनाच्या भाड्याच्या कार्टला एकदा गमावलेला वेग परत मिळवायला फार लांब पट्टा लागतो. सर्वांत वेगवान चालक पाहायला सर्वांत नीरस वाटतो. त्याची गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. एकदा एक मुलगा रुसून आम्हांला म्हणाला, "काका, मी एवढी गाडी उडवली आणि ती चष्मेवाली मुलगी माझ्यापुढे कशी?" आम्ही त्याला घड्याळाचा कागद दाखवला. त्या मुलीच्या दहाही फेऱ्या एकमेकींपासून तीन दशांशांच्या आत होत्या; ह्याची एक फेरी तिच्याहून चांगली होती आणि बाकीच्या नऊ वाऱ्यावर गेल्या होत्या. आरंभी उत्तम फेरीकडे पाहूच नये. सर्व फेऱ्या सारख्या येतात का, एवढेच पाहावे. त्यासाठी खिशात एक दोन आण्यांची वही ठेवावी. आता दोन आण्यांत वही मिळत नाही हे आम्हांला ठाऊक आहे, पण वही मात्र ठेवावी.

पावसाविषयी दोन शब्द. ब्राझीलचा आयर्टन सेना लहानपणी वडिलांनी करून दिलेल्या कार्टवर बसला, तेराव्या वर्षी शर्यतीत उतरला, आणि आरंभीच्या एका ओल्या शर्यतीत त्याची फजिती झाली. त्यानंतर पाऊस आला की तो कार्ट घेऊन सरावाला बाहेर पडे, असे त्याच्याविषयी सांगतात. पुढे पावसातल्या शर्यतीत त्याच्याइतका हुशार चालक क्वचित झाला. कार्टच्या जागतिक स्पर्धेत मात्र १९७९ आणि १९८० अशी दोन वर्षे तो दुसराच आला, ते विजेतेपद त्याला कधी मिळाले नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस असूनही बरेच ट्रॅक तेव्हा बंद ठेवतात. उघडे असले आणि ओल्या हवेचे टायर असले तर वडिलांनी मुलाला जरूर न्यावे. कोरड्या दिवसांत ज्या वाटेवर रबर घासून बसते तीच वाट पावसात निसरडी होते, आणि मुलाला ती सोडून बाहेरून, खडबडीत जागेवरून वळावे लागते. काल शिकलेले आज उलटे करायचे! डोके शाबूत ठेवायला ह्यासारखी दुसरी तालीम नाही.

झेंडे पाठ असल्याखेरीज गर्दीत उतरू नये. पिवळा दिसला की पुढे धोका आहे. वेग कमी करायचा, कोणाच्या पुढे जायचे नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्या. तांबडा म्हणजे शर्यत थांबली. काळा म्हणजे तुम्ही काहीतरी आगळीक केली आहे, मुकाट्याने बाहेर या. गिरकी खाऊन गाडी आडवी झाली तर हात वर करून बसून राहायचे. उतरून धावायचे नाही. मागून येणाऱ्यांना आडवी गाडी दिसते, तिच्यामागून अचानक निघालेला मुलगा दिसत नाही.

एवढे सगळे भाड्याच्या कार्टवर येऊ लागले, फेऱ्या सारख्या पडू लागल्या, की पुढचा प्रश्न येतो. आता शर्यत की कसे? आमच्या मते पहिले एक वर्ष महिन्यातून दोनदा, दर वेळी दोन-तीन सत्रे, ह्याहून अधिक काही करू नये. दहा मिनिटांच्या सत्राला काहीशे रुपये पडतात. तो खर्च मध्यमवर्गीय घराला जाणवतो, पण बुडवत नाही. त्यानंतर ट्रॅकवाल्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या कार्टांच्या शर्यती असतात, त्यांत उतरावे. तेथे गाडी चिठ्ठी टाकून मिळते, म्हणजे पैशाचा जोर चालत नाही. मग कोठे रीतसर प्रशिक्षण देणाऱ्यांकडे शर्यतीची कार्ट एका दिवसापुरती भाड्याने घेऊन पाहावी. बंगळूर, कोईमतूर, चेन्नई ह्या बाजूला हा खेळ रुजला आहे. आपल्या कोल्हापुरातही मोहिते मंडळींनी ट्रॅक उभारला आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या. मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या शहरात हे घडले ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ह्या संस्थेचा परवाना लागतो, आणि गट वयाप्रमाणे असतात.

आणि येथून खर्चाचा घाट सुरू होतो. नवी कार्ट काही लाखांची. गुळगुळीत टायर थोड्याच सत्रांत पकड सोडू लागतात. इंजिन पन्नास तासांच्या आसपास चालले की उघडून दुरुस्त करावे लागते. दोन फटक्यांच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये शंभराला दोन ह्या प्रमाणात तेल मिसळायचे, ते चुकले तर पन्नास तासही थांबावे लागत नाही. प्रवास, मुक्काम, मेकॅनिक, प्रवेशशुल्क वेगळेच. जुनी कार्ट स्वस्तात मिळते असे कोणी सांगितले तर चौकट उलटी करून खालच्या नळ्या पाहा. ट्रॅकवर घासून त्या चपट्या झालेल्या असतात, वेल्डिंगशी बारीक चिरा असतात. रंग नवा आणि नळी चपटी असेल तर नमस्कार करून परत या.

लोक आम्हांला मोठमोठी नावे ऐकवतात. मायकेल शूमाखरचे वडील गवंडी होते. त्यांनी पायडलच्या गाडीला इंजिन लावून दिले, आणि केर्पेन गावच्या ट्रॅकवर कामे करून मुलाचा खर्च भागवला. लुइस हॅमिल्टन आठव्या वर्षी कार्टवर बसला आणि त्याच्या वडिलांनी त्यासाठी एका वेळी तीन-तीन, चार-चार कामे केली. दोघेही सात-सात वेळा जगज्जेते झाले. गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या ऐकून आमचाही ऊर भरून येतो. पण त्याच ट्रॅकांवर तेवढीच कामे करणारे दुसरे बापही असतील. त्यांच्या मुलांची नावे आपल्याला माहीत नाहीत. फॉर्म्युला वनच्या सबंध जगात एका हंगामाला वीस-बावीस जागा असतात. आजवर त्या शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच, २००५ साली नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली करुण चंधोक. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टपासून निघून त्याच्या खालच्या पायरीपर्यंत, फॉर्म्युला टूपर्यंत, गेला. तेव्हा घर गहाण टाकून मुलाला ह्यात घालावे काय, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. दुसऱ्या मुलाच्या शिक्षणाचा पैसा ह्यात घालावा काय, ह्यालाही 'नाही'. गेल्याच हंगामात एका वडिलांना आम्ही असे सांगितले तेव्हा मुलाने आमच्याशी बोलणे टाकले. तो अजून भाड्याच्या कार्टवर येतो आणि अजून बोलत नाही. त्याच्या फेऱ्या मात्र फार सुंदर पडतात.

मग एवढ्या खटाटोपातून मिळते काय, असे तुम्ही विचाराल. ह्या मुलाला पुढे कधीतरी मोटार चालवायचीच आहे. चाकाची पकड सुटते म्हणजे काय होते, ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत किती जमीन लागते, वेग दुप्पट झाला तर ती जमीन चौपट का लागते, हे त्याने पुस्तकात वाचले असेल. येथे ते त्याच्या पाठीला कळते. काही मुले गाडीपेक्षा तिच्या पोटात रमतात. अशांना अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थीच गाड्या बांधून स्पर्धेत उतरवतात ते दाखवावे. पिथमपूरची 'बाहा' नावाची स्पर्धा अशा पोरांनी फुललेली असते. आणि मुलींना वगळू नये. वडोदऱ्याची मीरा एर्डा नवव्या वर्षी कार्टवर बसली आणि पुढे मोठ्या शर्यतींत मुलांच्या बरोबरीने धावली. शिरस्त्राण घातले की आत कोण आहे ते घड्याळाला कळत नाही.

वय कोणते असावे, हा प्रश्न अनेकांनी चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे. पाय खटक्यापर्यंत पोचले पाहिजेत, सांगितलेले ऐकले पाहिजे, आणि 'थांब' म्हटले की थांबले पाहिजे. साधारणपणे हे आठव्या वर्षाच्या सुमारास जमते. काहींना अठराव्या वर्षीही जमत नाही. चाळिशीनंतर आरंभ करणाऱ्यांनी बरगड्यांचे चिलखत घ्यावे. आसनाच्या कडा बरगड्यांना लागतात आणि दुसऱ्या दिवशी हसताना आठवण होते.

वेळ झाली आहे असे अध्यक्षमहाराज खुणावत आहेत. बाहेर मांडवाच्या डाव्या अंगाला एक कार्ट आणून ठेवली आहे. तिच्यात बसून पाय पोचतात का, हात कोपरात वाकतात का, हे ज्याला पाहायचे असेल त्याने रांगेने पाहावे. मागचा कणा हाताने फिरवून पाहा, म्हणजे दोन्ही चाके कशी एकदम फिरतात ते कळेल. टाकीतले पेट्रोल आम्ही काढून ठेवले आहे, हे मुलांना आधीच सांगतो.